रॅप्टर ७०० : वाळूसाठी इंजिनाचं काम, शारजा

७ ऑक्टोबर २०२३

गाडी यामाहा रॅप्टर ७००आर, चार चाकांची क्वाड बाइक, २००९ चं मॉडेल. एक लेबनानी माणूस देश सोडून चालला होता त्याच्याकडून घेतली त्यामुळे भाव बरा पडला. ६८६ सीसी, एकच सिलेंडर, बोअर (सिलेंडरचा व्यास) १०२ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ८४ मिमी, लिक्विड कूल्ड, फ्युएल इंजेक्शन, कॉम्प्रेशन ९.२ ला १, पाच गिअर वर रिव्हर्स. कागदावर सगळं झकास, पण शारजाच्या बदायेर वाळवंटातल्या वाळूत मागे आठ पात्यांचे पॅडल टायर लावले की तिसऱ्या गिअरमधे चढावर धापा टाकायला लागते. दुसऱ्यात टाकावी तर लगेच लिमिटरला (रेव्हच्या कमाल मर्यादेला) जाते, तिसऱ्यात ठेवावी तर बसते. पॅडल टायर वाळूला घट्ट धरतो, घसरत नाही, म्हणजे सगळा लोड सरळ इंजिनावर येतो, साध्या टायरवर हाच अशक्तपणा चाक फिरून लपून जातो.

तर पाहिजे काय, मधल्या रेव्हला ताकद, मिनिटाला साधारण ४००० ते ७००० फेऱ्यांच्या मधे. टॉप स्पीडचं मला काही पडलेलं नाही. इथे क्वाड डांबरी रस्त्यावर आणायची परवानगी नाही, पिकअपमधे टाकून वाळूपर्यंत न्यायची आणि तिथेच उतरवायची, मग १२० चा स्पीड घेऊन करायचं काय.

१४ ऑक्टोबर

पार्ट मागवायच्या आधी आहे ते इंजिन कितपत धड आहे ते बघितलं. लीकडाउन टेस्ट केली. पिस्टन टीडीसीला, म्हणजे सगळ्यात वर, आणून प्लगच्या भोकातून हवा भरली, १९ टक्के गळती. एक सिलेंडरचं चांगलं इंजिन ५-६ च्या आत असतं. मग हवा जाते कुठून ते कान लावून ऐकायचं, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, थ्रॉटल बॉडीतून आली तर इनटेक, रेडिएटरमधे बुडबुडे आले तर हेड गॅस्केट. माझ्यात ऑइल भरायच्या झाकणातून फुसफुस येत होती म्हणजे पिस्टनच्या रिंगा गेल्यात.

रिंगा एवढ्या लवकर का गेल्या तेही कळलं. एअर फिल्टर काढला आणि फिल्टर ते थ्रॉटल बॉडीच्या मधल्या रबरी बूटच्या आत बोट फिरवलं, तर बोटाला लालसर पावडर, आणि अंगठ्यावर चोळली की करकर. फिल्टरची कडा एका बाजूने बसतच नव्हती, क्लॅम्प वाकडा. म्हणजे या इंजिनाने दोन-चार सीझन वाळू खाल्लीये. आता नवीन क्लॅम्प, फोमचा फिल्टर नीट ऑइल लावून, वरून प्री-फिल्टरचं कापड, आणि बूटच्या आत ग्रीसचा पातळ हात. राइडनंतर ग्रीस बोटाने पुसून चोळायचं, करकर लागली तर कुठूनतरी हवा घुसते. दोन मिनिटांचं काम आहे पण इथले निम्मे लोक करत नाहीत आणि मग दर सीझनला पिस्टन बदलत बसतात.

व्हॉल्व्ह क्लिअरन्स, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या रॉकरमधली फट, बघितलं, एक्झॉस्ट टाइट होता. या इंजिनाला रॉकरवर स्क्रू आणि लॉकनट आहे, शिम बिम भानगड नाही, इनटेक ०.१० आणि एक्झॉस्ट ०.१८ मिमीला सेट केले. थंड इंजिनावर.

२३ ऑक्टोबर

खंडेनवमी. बाल्कनीत टॉर्क रेंच, फीलर गेज आणि सॉकेट सेटची पूजा. रूममेट सांगलीचा, म्हणाला लीकडाउन टेस्टरला पण हळदकुंकू लाव, त्यानेच खरं सांगितलं सगळं.

२८ ऑक्टोबर

पहिला बदल, आणि सगळ्यात स्वस्त. पुढचं स्प्रॉकेट १४ दातांचं काढून १३ चं टाकलं, मागचं ३८ तसंच. रेशो २.७१ वरून २.९२ वर गेला, म्हणजे चाकावरचा जोर प्रत्येक गिअरमधे पावणेआठ टक्के वाढला आणि तेवढ्याच हिशोबात टॉप स्पीड कमी झाला. इंजिनाला हात न लावता. आता तिसऱ्यात गाडी बसत नाही, ओढत राहते. फोरमवाल्या पोरांच्या गप्पा ऐकल्या तर सगळे आधी सायलेन्सर घेतात, कारण आवाज येतो. स्प्रॉकेटचा आवाज येत नाही ना.

एक लक्षात ठेवायचं, १३ दातांवर चेनचा वळसा लहान होतो आणि चेन स्विंगआर्मवरच्या (मागची चाकं धरणाऱ्या दांड्यावरच्या) प्लॅस्टिकच्या पट्टीला जास्त घासते, ती पट्टी बघत राहायची, नाहीतर चेन अॅल्युमिनियम खायला लागते.

१२ नोव्हेंबर

यंदा अभ्यंगस्नान आणि लक्ष्मीपूजन एकाच दिवशी. काम काही नाही. कोल्हापूरला फोन. मामांचं उद्यमनगरात लेथ आणि बोअरिंगचं दुकान होतं, आता भाऊ बघतो पण मामा अजून रोज जाऊन बसतात. रिंगा गेल्यात सांगितल्यावर पहिला प्रश्न, “लायनर कसला हाय? बीडाचा का प्लेटिंगचा?” म्हटलं प्लेटिंगचा मामा, अॅल्युमिनियमवर सिरॅमिक कोटिंग आहे. “मग बोअर मारायचा नाद सोड. वरचं कवच गेलं की सिलेंडर गेला. नख फिरव, नख अडकलं न्हाई तर नुसता होन मार, ते बी दगडानं न्हाई, बॉलवाल्या ब्रशनं.” होन म्हणजे सिलेंडर आतून हलका घासणं. फराळाचं पार्सल पोचलं का हे त्यानंतर विचारलं.

२५ नोव्हेंबर

एक्झॉस्ट आणि एअरबॉक्स (एअर फिल्टरची पेटी). हेडरपासून, म्हणजे इंजिनातून निघणाऱ्या पहिल्या पाइपापासून, पूर्ण सिस्टिम घेतली, नुसता मागचा डबा नाही. नुसत्या डब्याने माझ्या मते वजन कमी होतं आणि शेजारी जागे होतात, बाकी फार काही होत नाही. स्टॉक हेडर आतून अरुंद आहे, अडथळा तिथेच जास्त आहे. एअरबॉक्सचं झाकण मात्र पूर्ण काढलं नाही. अमेरिकेतल्या ट्रेलवर लोक ते सरळ फेकून देतात, इथे पुढच्या गाडीचा वाळूचा फवारा थेट फिल्टरवर येतो, म्हणून झाकणाला मोठं भोक पाडून त्यावर जाळी आणि कापड बसवलं.

एआयएस पण बंद केलं. ही यंत्रणा धूर स्वच्छ करायला एक्झॉस्टमधे ताजी हवा सोडते, थ्रॉटल सोडला की उरलेलं पेट्रोल त्या हवेत पेटून फटफट वाजतं. पॉवर वाढत नाही याने, पण ती जास्तीची हवा असेल तर हवा आणि पेट्रोलचं प्रमाण दाखवणारा एअर-फ्युएल मीटर खोटं रीडिंग दाखवतो, म्हणून ट्यूनिंगच्या आधी ब्लॉक-ऑफ प्लेट लावणं भाग होतं.

आणि गाडी आता कोरडी चालतेय, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी. अपेक्षित होतं. माझ्या मॉडेलला एक्झॉस्टमधे ओटू (ऑक्सिजन) सेन्सरच नाही, ईसीयूला (इंजिनाच्या कॉम्प्युटरला) कळतच नाही की हवा जास्त येतेय, तो आपला कंपनीने लिहून दिलेल्या टेबलाप्रमाणे पेट्रोल देत बसतो. पूर्ण थ्रॉटलला हलकी अडखळते, हेडर लवकर लाल होतो. अशी वाळूत पळवायची नाही, पिकअपमधे बांधून गप घरी आणली. पार्ट अमेरिकेहून आले त्यावर पाच टक्के ड्युटी आणि वर पाच टक्के व्हॅट, हे आपलं नोंदीसाठी.

३ डिसेंबर

नॅशनल डेच्या सुट्टीत दुबईच्या अल कूझमधल्या एका डायनोवर (ताकद मोजायच्या रोलरच्या यंत्रावर) जागा मिळाली. पॅडल काढून साधे टायर लावले, पॅडल टायर रोलरवर चालत नाही. स्टॉकचं रीडिंग मी ऑक्टोबरमधे घेऊन ठेवलं होतं, चाकावर ४० हॉर्सपॉवरच्या जरा खाली. आता एक्झॉस्ट आणि हवेच्या बदलानंतर ट्यून न करता ४१. म्हणजे एवढा खर्च करून एक घोडा! पूर्ण थ्रॉटलला एअर-फ्युएल १४.४, म्हणजे वजनाने एक भाग पेट्रोलला १४.४ भाग हवा.

मग डायनोजेटचा पॉवर कमांडर लावला. तो ईसीयू आणि इंजेक्टरच्या मधे बसतो आणि इंजेक्टर किती वेळ उघडा राहणार ते टक्क्यांत कमी-जास्त करतो, उभं रेव्ह आडवा थ्रॉटल असं टेबल, प्रत्येक खान्यात एक आकडा, त्यालाच मॅप म्हणतात. ६० टक्क्यांच्या वरच्या थ्रॉटलला ५००० ते ८००० मधे ६ पासून ९ टक्क्यांपर्यंत पेट्रोल वाढवलं, खालच्या रेव्हला जवळजवळ काहीच नाही, तिथे स्टॉकच बरोबर होतं. पूर्ण थ्रॉटल १३.१ ला आणून ठेवला. पेट्रोल पूर्ण जळायला हिशोबाने १४.७ लागतं पण पॉवर मिळते ती तेराच्या आसपास, आणि इंजिन थंडही राहतं. शेवटचा रन ४५.

ट्यूनर पोरगा फिलिपिन्सचा, हुशार, पण रेडीमेड मॅप टाकून मोकळं व्हायची त्याला घाई होती. रेडीमेड मॅप समोर चालवून दाखव म्हटलं, मधल्या रेव्हला १२.२ आला, नुसता धूर. माझ्या झाकणाला अर्धंच भोक आहे हे त्या मॅपला कुठून माहीत असणार. मग बसून एकेक खाना भरला त्याने, दोन तास जास्त घेतले, त्याचे पैसे आनंदाने दिले.

१३ जानेवारी २०२४

थंडी मस्त पडलीये, सगळे वाळूत आणि मी गॅरेजमधे. इंजिन उघडलं.

हेड उतरवलं, सिलेंडर काढला. नख फिरवलं, उभे फिकट ओरखडे दिसतात पण नख कुठे अडकत नाही. बोअर गेजने वर १०२.०१, खाली १०२.०२, वाकडेपणा नाही. म्हणजे सिलेंडर वाचला. पिस्टनच्या स्कर्टवर मात्र वाळूने केलेला राखाडी घासा स्पष्ट, आणि वरच्या रिंगची जाडी बघूनच कळत होतं की ही संपली. फोटो मामांना पाठवला, उत्तर एका ओळीत, “माती खाल्ल्याय.”

पिस्टनचं गणित असं. ९.२ ला १ म्हणजे पिस्टन वर आला की त्याच्यावर साधारण ८४ सीसी जागा उरते. ११ ला १ करायचं तर ती ६९ सीसी व्हायला पाहिजे. १५ सीसी, तीन चमचे, एवढाच फरक. पुस्तकी सूत्राने यातून कार्यक्षमता ५ टक्क्यांच्या आसपास वाढते, आणि ही वाढ वरच्या रेव्हला नाही तर सगळीकडे मिळते, मला पाहिजे तशी. १२.५ आणि त्याच्या वरचे पिस्टन पण मिळतात पण मग रेसिंग फ्युएल लागतं. इथे पंपावर ९१, ९५ आणि ९८ अशी तीन पेट्रोलं आहेत आणि हे आकडे रॉनचे (रिसर्च ऑक्टेन नंबरचे) आहेत, अमेरिकन पंपावरचा आकडा वेगळ्या पद्धतीचा असतो, तिकडचं ९१ म्हणजे आपल्या ९५-९६ च्या जवळ. पिस्टनवाल्याने अमेरिकन ९१ सांगितलंय, मी ९८ घालणार, उन्हाळ्याची हवा गरम असते म्हणून जरा हात राखून.

पिस्टन फोर्ज्ड, १०२ चाच. १०५.५ चा घेतला तर ७३४ सीसी होतात पण त्याला सिलेंडर बोअर करून परत प्लेटिंग नाहीतर स्लीव्ह, आणि प्लेटिंग कोण कसं करेल याची खात्री नाही.

रिंग गॅप. हे काम मी कुणाला देत नाही. रिंग सिलेंडरमधे घालायची, पिस्टनच्या डोक्याने खाली ढकलून सरळ बसवायची, दोन टोकांच्या मधे फीलर गेज घालायचं. बॉक्समधून आली तेव्हा ०.३० मिमीमधे घट्ट. तापल्यावर रिंग लांबते, टोकं एकमेकांना भिडली तर रिंग तुटते आणि सिलेंडर घेऊन जाते. मला ०.४५ पाहिजे होता. बारीक कानस, बाहेरून आत अशाच दिशेने घासायची, उलट घासली तर कडेचा कोटिंग उडतो. दोन घासे, पुसायचं, परत सिलेंडरमधे, परत गेज. कंटाळवाणं, पण चहा घेत केलं की होतं. ०.४५ चं पान हलकं अडकून सरकलं आणि ०.५० चं शिरेना तेव्हा थांबलो. शेवटी टोकांवरची बर तेलाच्या दगडाने काढली.

२० जानेवारी

कॅम, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा. हॉट कॅम्स कंपनीचा स्टेज १ घेतला. स्टेज २ ने वरच्या रेव्हला जास्त मिळतं पण खालचं थोडं जातं, आणि वाळूत चढावर मधेच थ्रॉटल सोडून परत उघडायची वेळ येते तेव्हा खालचंच लागतं. गॅरेजचा उस्ताद पेशावरचा, त्याचं म्हणणं की भाईजान लगाना है तो बडा लगाओ. म्हटलं उस्ताद, चढना है, उडना नहीं है.

नवीन पिस्टन आणि नवीन कॅम एकत्र, म्हणजे व्हॉल्व्ह पिस्टनला लागणार नाही याची खात्री करावी लागते. पिस्टनवरच्या खाचांमधे पोरांच्या खेळण्यातली क्ले दाबून बसवली, वर तेलाचं बोट, हेड जुन्या गॅस्केटवर कसून इंजिन हाताने दोन फेरे फिरवलं, परत उघडलं. क्लेमधे व्हॉल्व्हचा ठसा उमटतो, ब्लेडने आडवा कापून सगळ्यात पातळ जागा मोजायची. इनटेकला २.१ मिमी, एक्झॉस्टला २.६. कमीत कमी दीड आणि दोन लागतात. पास.

२७ जानेवारी

गॅस्केट सेट चुकीचा आला, जुन्या रॅप्टर ६६० चा. दुकानदार म्हणतो सेम है. सेम नहीं है. आठवडा गेला.

१० फेब्रुवारी

सुरू झाली. थंड असताना पिस्टनचा टकटक आवाज येतो, फोर्ज्ड पिस्टन जास्त फुगतो म्हणून थंडपणी जास्त गॅप ठेवावी लागते, तापली की आवाज जातो. तीन वेळा गरम करून पूर्ण थंड होऊ दिली, मग सपाट वाळूत थ्रॉटल उघड-बंद करत फिरवली, लिमिटरपासून लांब. ऑइल बदललं, फिल्टर कापून बघितला, बारीक चमक आहे पण तुकडे नाहीत. लीकडाउन आता ४ टक्के.

प्लग एक नंबर थंड टाकला. एनजीकेमधे आकडा वाढला की प्लग थंड, काही कंपन्यांचं उलटं असतं, बघून घ्यायचं.

१७ फेब्रुवारी

परत डायनो, तोच ट्यूनर. कॅममुळे सगळा मॅप नव्याने. चाकावर ५२ च्या जरा खाली. पण मला आवडली ती टॉर्कची रेघ, ४००० ला जी उचलते ती ७२०० पर्यंत जवळजवळ सपाट.

२४ फेब्रुवारी

बदायेर. जो चढ ऑक्टोबरमधे तिसऱ्यात अर्ध्यावर सोडावा लागायचा तो तिसऱ्यात पार, आणि वरून थ्रॉटल कमी करून माथ्यावर बघून उतरता येतं, आधी जीव मुठीत धरून पूर्ण उघडा ठेवून माथा ओलांडावा लागायचा आणि पलीकडे कोण उभं आहे ते दिसायचं नाही. मला वाटतं ताकदीचा खरा उपयोग हा आहे. नाद खुळा.

पण तिसऱ्या-चौथ्यात पूर्ण उघडली की रेव्ह चढतात आणि गाडी तेवढी पळत नाही. क्लच घसरतोय.

९ मार्च

क्लच स्प्रिंगा जड टाकल्या, प्लेटा पण नवीन. जुन्या प्लेटा काळ्या-निळ्या पडलेल्या. आधीच्या मालकाने बहुतेक कारचं ऑइल घातलं असणार, त्यात घर्षण कमी करणारी द्रव्यं असतात आणि ओला क्लच त्याने घसरतो. डब्यावर जासो एमए (ओल्या क्लचला चालणाऱ्या ऑइलची खूण) लिहिलेलं असेल तेच ऑइल घालायचं. लिव्हर जरा जड झाला, अर्ध्या दिवसाने मनगट बोलायला लागतं. सोमवारपासून रमजान, गॅरेजच्या वेळा बदलणार म्हणून घाईत आटपलं.

२१ एप्रिल

१६ तारखेच्या पावसात शारजाचे रस्ते आठवडाभर तळं होते. अल ऐनजवळ खत्म अल शकला इथे एका दिवसात २५४.८ मिमी पडला, इथल्या ७५ वर्षांच्या नोंदीतला सगळ्यात जास्त. गाडी बिल्डिंगच्या रॅम्पवर उंच होती म्हणून वाचली, खालच्या पार्किंगमधल्या कारचं विचारू नका. तरी एअरबॉक्स, चेन आणि मागचे बेअरिंग उघडून बघितले, पाणी कुठे नाही.

११ मे

आता सकाळी आठलाच ३८. जानेवारीतल्या १८ डिग्रीच्या हवेपेक्षा ४५ ची हवा साडेआठ टक्क्यांनी पातळ असते, इंजिनाला तेवढी कमी मिळते, आणि गाडीत ते जाणवतं, कुणी कितीही ट्यूनिंग करून देतो म्हटलं तरी हे परत मिळत नाही. ईसीयू हवेचं तापमान बघून पेट्रोल कमी करतो म्हणून ओली चालत नाही एवढंच. पण ११ चं कॉम्प्रेशन असताना या उन्हात पॅडलवर लांब चढ मारणं म्हणजे नॉकिंगला (सिलेंडरमधलं पेट्रोल उष्णतेने आपोआप भडकण्याला) आमंत्रण, म्हणून सीझन बंद. सीझन संपल्यावरचा व्हॉल्व्ह क्लिअरन्स: इनटेक जागेवर, एक्झॉस्ट ०.१८ चा ०.१५ झालेला, परत सेट केला. बूटमधलं ग्रीस चोळून बघितलं, गुळगुळीत. पेट्रोल काढून घेतलं.

उस्तादने परत ७३४ ची स्लीव्ह किट काढून दाखवली, ओळखीतला मशीनवाला आहे म्हणे, स्वस्तात करून देईल. आत्ता लीकडाउन ४ टक्के आणि प्लेटिंग शाबूत असताना त्या सिलेंडरला कटर लावणार नाही असं सांगितलं. ते पैसे मोठ्या रेडिएटरला आणि दुसऱ्या फॅनला ठेवलेत, ऑक्टोबरच्या आधी बसवायचेत.